फ्लेक्सवर न मावलेलं

चि. छकुलीस,



बुधवारी रात्री तू फोनवर म्हणालीस, "आत्या, रविवारी आपल्या शाळेत बोलायचंय. हेडसर म्हणाले, पोरींचा आदर्श आहेस तू आता, चार गोष्टी सांग त्यांना. मला झोप येईना. मी कसली आदर्श?" माझा कुकर गॅसवर होता. "अगं बोलशील, तुला काय अवघड," असं म्हणून मी फोन ठेवला आणि ठेवल्यावर मलाच चुटपुट लागली. तू मनापासून काही विचारलं होतंस आणि मी नुसती समजूत काढून मोकळी झाले. बत्तीस वर्षं पोरांसमोर उभी राहिलेली बाई मी. हा प्रश्न मला टाळता येणार नाही. म्हणून सविस्तर लिहितेय. हे पत्र छापायला देऊ का, असं आज सकाळी विचारलं तेव्हा तू क्षणभर गप्प झालीस, आणि मग म्हणालीस, "दे. सगळं दे." त्या "सगळं"वर भरवसा ठेवून लिहिते.

तुला भीती वाटली याचा मला आनंद झाला. तुझा फौजदारकीचा निकाल लागला त्या दिवशीही एवढा झाला नव्हता.

परवा बाजार करून येताना एसटी स्टँडसमोर मी जरा टेकले होते. तुझा फ्लेक्स अजून आहे तिथं. मधोमध तू, खाकीत, खांद्यावर दोन तारे, हात सॅल्यूटला. भोवतीने गावातल्या आणि तालुक्यातल्या पुढाऱ्यांचे गोल फोटो. माळावरच्या वस्तीतली एक पोरगी, सातवी-आठवीतली असेल, सायकल लावून तिथं उभी होती. तिने आधी इकडं तिकडं बघितलं. मी झाडाआड होते, तिला दिसले नाही. मग तिने टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट केला. कोपर खाली पडलं होतं. तिने फोटोकडे बघितलं, कोपर वर घेतलं, पुन्हा बघितलं, आणखी जरा वर घेतलं. तुझ्या कोपराशी तिचं कोपर जुळलं तेव्हा कुठं तिचं समाधान झालं. मग दप्तर पाठीला लावून गेली निघून.

मी बराच वेळ तिथंच बसून राहिले. ही पोरगी तुला मापाला लावतेय. फोटोत जेवढं दिसतं तेवढंच माप तिच्या हाती आहे. उरलेलं कोण देणार तिला? रविवारी ती पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेली असेल बघ.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तुला कधी सांगितली नाही. तुझ्या बापालाही नाही.

१९९६-९७ सालची. मी दहावीची वर्गशिक्षिका. आमचा एक माजी विद्यार्थी त्या वर्षी कृषी अधिकारी झाला, शाळेत त्याचा सत्कार झाला, आणि मग वर्षभर त्याचं नाव माझ्या तोंडी. त्याच्या घरात वीज नव्हती. कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला त्याने. पाच किलोमीटर चालत यायचा. तुम्हाला सगळं मिळतंय, तुम्हाला का जमत नाही? हे सगळं खरं होतं. मी एवढंच केलं की एक गोष्ट गाळली. तो मुलगा दहावीला मार्चमध्ये गणितात नापास झाला होता. ऑक्टोबरला पुन्हा बसला आणि सुटला. मला ते पक्कं ठाऊक होतं, कारण दोन्ही गुणपत्रिका माझ्याच हातून गेल्या होत्या. पण सत्काराच्या गोष्टीत ते बसत नव्हतं. पोरांना कळलं तर ती म्हणतील, नापास झालं तरी चालतंय की, अशी मला धास्ती.

त्या वर्षी माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक पोरगा होता. नकाशा काढावा तर त्यानेच, कोकणची किनारपट्टी पेन्सिल न उचलता काढायचा. मार्चमध्ये गणित आणि इंग्रजी राहिलं त्याचं. ऑक्टोबरचा फॉर्म भरायला ये म्हणून मी दोनदा निरोप धाडला. आला नाही. मी म्हटलं, मनच नाही अभ्यासात, काय करणार.

बारा-तेरा वर्षांनी एकदा कराडहून येताना वडापच्या जीपला हात केला, तर चालवायला तोच. "बाई, पुढं बसा," म्हणाला. बोलता बोलता त्या कृषी अधिकाऱ्याचा विषय निघाला, आणि मी सहज बोलून गेले, "तो तर गणितात नापास झाला होता पहिल्यांदा." त्याने गिअर खाली घेतला. "खरं का बाई?" म्हटलं, हो. पुढच्या फाट्यापर्यंत तो काही बोलला नाही. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "तवा सांगितलं असतं तर मी बसलो असतो की ऑक्टोबरला. मला वाटलं, तसली पोरं पहिल्या झटक्यात सुटत्यात. आपण काय त्यातलं न्हाय." गाव आल्यावर भाडं घेईना. मी पर्स उघडलेली तशीच धरून उभी राहिले. जीप वळून गेली.

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते मला आजवर पुरून उरलंय. मी त्या पोरांना खोटं सांगितलं नव्हतं. अर्धं सांगितलं होतं. आणि अर्ध्या मापाने स्वतःला मोजून एक पोरगा परीक्षेच्या दारातून परत फिरला होता.

आमचे आबा, म्हणजे तुझे आजोबा, फार शिकलेले नव्हते, पण ही चूक त्यांनी कधी केली नाही. तुला आबांची खाशाबा जाधवांची गोष्ट आठवत असेल. तू तेव्हा लहान होतीस, त्यांच्या घोंगडीत शिरून ऐकायचीस आणि निम्म्यात झोपायचीस, म्हणून पुन्हा लिहिते. गोळेश्वर आपल्यापासून काही लांब नाही, आणि १९५२ साली आबा चौदा वर्षांचे. हेलसिंकीहून ब्राँझपदक घेऊन खाशाबा परत आले, तेव्हा शंभरावर बैलगाड्या जोडून लोकांनी त्यांची मिरवणूक काढली. आबा त्यातल्या एका गाडीला मागून लोंबकळत गेले होते. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्यानंतर दुसरं मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं, अटलांटाला लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवलं तेव्हा. पण आबा गोष्टीची सुरुवात मिरवणुकीने करत नसत, पदकानेही नाही. ते सुरुवात करायचे कोल्हापुरातल्या एका घरापासून.

ते घर राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांचं. आपल्या पैलवान विद्यार्थ्याला हेलसिंकीला पाठवायला पैसे नाहीत म्हणून त्यांनी राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले. उरलेल्यासाठी गावोगाव वर्गणी झाली. कुणी किती दिले याची नावं आबांना माहीत नव्हती, पण ते सांगायचे, ज्याच्या घरात पसाभर होतं त्याने चिमूटभर दिलं. मग आबा चार वर्षं मागं जायचे. १९४८, लंडन. त्या वेळी जाण्यासाठी कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केलेली. तालमीच्या तांबड्या मातीत वाढलेला गडी पहिल्यांदा मॅटवर उभा राहिला. नियम वेगळे, पकडी वेगळ्या. सहावा आला. "सहावा," असं म्हणून आबा सहा बोटं वर करायचे आणि आमच्याकडे बघायचे. हरला, असा शब्द त्यांनी वापरलेला मला आठवत नाही. नुसती सहा बोटं.

हेलसिंकीच्या कुस्त्या मग ते दोन-तीन वाक्यांत उरकायचे. पुढं थांबायचे, आणि आम्हा पोरांपैकी कुणीतरी दर वेळी तोच प्रश्न विचारायचं, "आबा, मग घर सुटलं का?" त्यासाठीच ते थांबलेले असायचे. खाशाबांनी परत आल्यावर कोल्हापुरात कुस्त्या ठेवल्या, त्यातून पैसा उभा केला आणि खर्डेकरांचे पैसे फेडले. आबांची गोष्ट पदकापाशी संपत नसे. घर सुटल्यावर संपायची.

तेव्हा मला वाटायचं, आबा मधलं मुख्य तेच लवकर का उरकतात? आता कळतं. पदक आमच्यापैकी कुणाला मिळण्यातलं नव्हतं. पण कुणाच्या तरी गहाण घरावर आपण उभे असतो, आणि ते सोडवायचं असतं, हे आमच्यातल्या प्रत्येकाला पुढं लागणार होतं. मी डी.एड.ला गेले तेव्हा आबांनी माळाची वीस गुंठे जमीन गहाण टाकली होती. त्यांनी मला ते सांगितलं नाही. पण ती गोष्ट ऐकलेली असल्यामुळे मीच विचारलं, आणि पहिल्या तीन वर्षांच्या पगारातून ती सोडवली.

आणखी एक. खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात रुजू झाले ते फौजदार म्हणून. आज तू ज्या पदावर आहेस, तेच पद. एवढ्या मोठ्या माणसाला हयातीत मानसन्मान बेताचाच मिळाला. १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. हेही पोरींना सांग. कौतुक वेळेवर होईलच असा धीर त्यांना खोटा देऊ नकोस.

आता तुझ्याविषयी. निकालानंतरची तुझी यूट्यूबवरची ती मुलाखत मी तीनदा पाहिली. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा वहिनीला, तुझ्या आईला, दाखवली. तिसऱ्यांदा मात्र एकटीने पाहिली आणि मन खट्टू झालं. त्याने विचारलं, यशाचं रहस्य काय? तू म्हणालीस, "जिद्द असेल तर काहीही शक्य आहे. मी रोज सोळा तास अभ्यास केला, मोबाइल बंद करून ठेवला." आणि तो म्हणाला, वा.

छकुली, तू सोळा तास अभ्यास केलास, असे दिवस होते. परीक्षेआधीचे महिना-दीड महिना. बाकी सहा वर्षांत असेही दिवस होते की तू सकाळी दहाला उठायचीस आणि अभ्यासिकेच्या पायऱ्या चढायला पाय उचलायचे नाहीत. हे तूच मला सांगितलंस. २०२१ च्या दिवाळीत तू पुण्याहून ट्रंक घेऊन आलीस ती माळ्यावर जाऊन झोपलीस. तीन दिवस खाली आली नाहीस. लक्ष्मीपूजनाला वहिनी जिन्याखाली ताट ठेवून रडत होती. चौथ्या दिवशी मी वर आले, तू भिंतीकडे तोंड करून होतीस. मी काही बोलले नाही, नुसतं तुझ्या केसांना तेल लावलं. मग तू म्हणालीस, "सव्वादोन मार्कांनी गेलं आत्या." सोळा तासांच्या गोष्टीत हे तीन दिवस कुठं आहेत?

सहा वर्षं. चार प्रयत्न. पहिल्या वर्षी पूर्व परीक्षाच निघाली नाही. दुसऱ्या वर्षी मुख्य सव्वादोन गुणांनी हुकली. तिसऱ्या वर्षी मैदानी चाचणीत पाय मुरगळला. चौथ्या वर्षी झालं. तुझ्या त्या निळ्या वहीत हे सगळं तारखांसकट लिहिलेलं आहे. मुलाखतीत यातलं काही नव्हतं, एवढंच की "थोडा संघर्ष करावा लागला."

आणि तुझ्या धाकट्या भावाचं नाव नव्हतं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. तुझ्या दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी दोघांचा खर्च झेपेना म्हणून त्याने बारावीनंतर शिक्षण सोडलं आणि डेअरीच्या दुधाच्या गाडीवर जायला लागला. पहाटे साडेतीनला उठतो. खोलीचं भाडं, मेस, अभ्यासिकेची जागा, टेस्ट सिरीज, हे सगळं त्याच्या गाडीतून आलंय. दादाने, तुझ्या बापाने, दुसऱ्या वेताची म्हैस विकली ती वेगळी. तू हे विसरलेली नाहीस. पहिल्या पगारात त्याला घड्याळ आणलंस, मला माहीत आहे. पण घरात दिलेलं घड्याळ माळावरच्या त्या पोरीला दिसत नाही. तिला वाटतं, ताईने मोबाइल बंद केला आणि ती फौजदार झाली. तिच्या घरी तिला एक धाकटा भाऊ आहे का, त्याने शिक्षण सोडावं का, हा हिशोब ती कधी करणारच नाही, कारण हिशोब असतो हेच तिला कुणी सांगितलेलं नाही.

आणि तुझी ती खोलीतली मैत्रीण. सदाशिव पेठेतल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत तुम्ही पाचजणी होतात. राज्यघटना तुला तिने शिकवली, तू तिला गणित-बुद्धिमत्ता. तू म्हणायचीस, ती माझ्यापेक्षा हुशार आहे. तिचं झालं नाही. वय सरलं, घरच्यांनी लग्न ठरवलं, आता एका औषधाच्या दुकानात हिशोब बघते आणि बरी आहे. तिने अभ्यास कमी केला होता का? जिद्द कमी होती का? जिद्द असेल तर काहीही शक्य आहे, असं तू माइकवर म्हणतेस, तेव्हा कुठंतरी ती ऐकत असते. मग तिच्या वाट्याला काय उरतं? जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असतात. तू पात्र होतीस म्हणून तुझं झालं. पात्र असूनही जिचं झालं नाही, अशी पोरगीही त्याच खोलीत होती. ही दोन्ही वाक्यं एकापाठोपाठ उच्चारायला धाडस लागतं. ते तुझ्यात आहे.

पुण्यात शास्त्री रोडवर, नवी पेठेत, अभ्यासिकेच्या खिडक्यांत रात्री बारालाही दिवे असतात. मी तुझ्याकडे आले होते तेव्हा ते बघून आधी भरून आलं, मग काळजात धस्स झालं. त्यातल्या कितीतरी पोरांना तिथं अशाच मुलाखतींनी आणलंय. येऊ नका असं म्हणायचं नाही मला. पण येताना किती वर्षं द्यायची, किती पैसे लागतील, कुणाच्या खिशातून लागतील, आणि नाही झालं तर हातात दुसरं काय असेल, हे ठरवून या, असं त्यांना सांगणारं कुणी यशस्वी माणूस भेटायला हवं होतं. अयशस्वी माणसाने सांगितलं तर ते रडगाणं वाटतं. तू सांगितलंस तर ते ऐकतील. तुझ्या खांद्यावरचे तारे रविवारी त्या कामी यावेत, असं मला फार वाटतं.

तुमच्या पिढीचा अविनाश साबळे घे ना. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा, गाडी नाही म्हणून शाळेपर्यंतची सहा किलोमीटरची वाट पायी, पुढं सैन्यात, सियाचीनच्या बर्फात. हे सगळ्यांना माहीत असतं, भाषणात येतंही. पण २०२१ मध्ये टोकियोत काय झालं ते क्वचित कुणी सांगतं. तीन हजार मीटर स्टीपलचेसची प्राथमिक शर्यत. वेळ आठ मिनिटं अठरा पूर्णांक बारा शतांश सेकंद. स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला त्याने. आणि अंतिम फेरीत जागा मिळाली नाही. म्हणजे त्या दिवसापर्यंतच्या आयुष्यात जेवढं चांगलं धावला होता त्याहून चांगलं धावला, आणि तरी बाहेर. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलात रौप्य, सुवर्णाला पाच शतांश सेकंद कमी पडले. २०२३ मध्ये हांगझोला आशियाईचं सुवर्ण. पोरींना सुवर्ण सांग, पण टोकियो आधी सांग. आपल्याच जिल्ह्यातली माणदेशची ललिता बाबर २०१६ ला रिओत अंतिम फेरीत दहावी आली होती. १९८४ साली पी. टी. उषा यांच्यानंतर ट्रॅकवरच्या शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय बाई. दहावा नंबर एवढा मोठा असू शकतो, हे त्या पोरींना कुणी सांगितलंय का?

तू म्हणशील, आत्या, एवढं सगळं सांगितलं तर पोरी हबकतील. नाही गं. मी बत्तीस वर्षं बघितलंय त्यांना. पोरं खऱ्याने हबकत नाहीत. चकचकीत गोष्ट ऐकून "वा वा" करतात आणि घरी जाऊन स्वतःवर चिडतात. खडबडीत गोष्ट ऐकली की हात वर करून प्रश्न विचारतात.

आदर्श म्हटलं की आपल्याकडे लगेच देव्हारा करतात. मूर्ती एकदा तिथं बसवली की तिने हलायचं नाही, दमायचं नाही, चुकायचं नाही. तू तसली होऊ नकोस. दमलीस तर दमले म्हण. पुढं नोकरीत एखादा निर्णय चुकला तर चुकला म्हण. मला आदर्श म्हटलं की भिडे वाड्यातली सावित्रीबाईंची शाळा आठवते, १८४८ सालची. सावित्रीबाई रस्त्याने जाताना अंगावर शेण आणि दगड झेलत गेल्या, हे तुम्ही पोरी दर ३ जानेवारीला भाषणात सांगता. पण त्यांचं शिक्षक म्हणून मोठेपण मला दिसतं ते १८५५ साली. फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे नावाच्या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदयमध्ये छापून आला. त्या निबंधात तिने थेट धर्मालाच प्रश्न विचारलेत. आपल्या बाईंचं कौतुक करत बसली नाही ती. स्वतःच्या लोकांचं दुःख घेऊन स्वतःच्या शब्दांत उभी राहिली. जिला बघून पोरगी स्वतःचं बोलायला लागते, तिच्यासमोर मी हात जोडते. जिला बघून पोरगी फक्त कोपर सरळ करते, तिचं काम अजून व्हायचं आहे. माळावरच्या पोरीचं कोपर सरळ झालंय. आता तिला बोलतं करायचं आहे.

म्हणून भाषण लांबवू नकोस. पंधरा मिनिटं बोल आणि पाऊण तास ऐक. कुणी विचारेल, ताई, पाळीच्या वेळी मैदानावर काय करायचं? कुणी विचारेल, घरचे दहावीनंतर लग्न करतो म्हणताहेत, काय करू? त्याला भाषणातलं उत्तर नसतं. तिथं तुला तिचं नाव लिहून घ्यावं लागेल, आणि नंतर फोन करावा लागेल. नुसतं नाव लिहून घेतलंस आणि फोन केला नाहीस तर मात्र न घेतलेलं बरं. पोरी वाट बघतात, आपल्याला कळतही नाही किती.

वर्दीचंही थोडं. तुझ्या ठाण्यात एखादी म्हातारी तक्रार घेऊन येईल. तिला शब्द सापडणार नाहीत, ती मुद्द्यावर यायला वेळ लावेल. तिच्यासोबत नात असेल, हात धरून उभी. तू त्या म्हातारीला खुर्ची दिलीस की "थांबा बाहेर" म्हणालीस, हे ती नात आयुष्यभर सोबत नेईल. त्या दिवशी तिथं फ्लेक्स नसेल, माइक नसेल. तुला कळणारसुद्धा नाही की कुणी आपलं माप घेतंय.

बाकी घरी सगळे बरे. तुझ्या आजीची गुडघेदुखी थोडी कमी आहे. वहिनीने तुझ्यासाठी धपाट्यांचं पीठ आजच दळून ठेवलंय. धाकट्याला मी सांगितलंय, रविवारी दुधाची फेरी झाली की थेट शाळेत ये, मागं उभा राहू नकोस, पुढं बस. तो म्हणाला, मला कशाला. तू एकदा फोन कर त्याला, तुझं ऐकेल.

आणि येताना ती निळी वही आण. भाषणाचा कागद राहिला तरी चालेल. ती वही टेबलावर उघडी ठेव आणि पोरींना हातात घेऊन चाळू दे, सव्वादोनाचं पान, पाय मुरगळल्याची तारीख, रेघोट्या मारून खोडलेली पानं, सगळं. कोपरे दुमडले तर दुमडू दे.

सकाळची दहाची एसटी धर, म्हणजे ऊन लागणार नाही. स्टँडवर मी येते घ्यायला.

तुझी,
आत्या